मरतुकीची वही



नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर हे गुजरातच्या सीमेवरचं, पोल्ट्रीवर जगणारं गाव. २००६ साली तिथल्या शेडमध्ये अंड्यावरच्या कोंबड्या भराभर मरू लागल्या. अनेकांना वाटलं, कोंबड्यांचा मानमोडी रोग आला. तसं वाटणं साहजिकच होतं, कारण मानमोडीतही कोंबडी अशीच मलूल होते, खाद्य-पाणी सोडते, हगवण लागते. पण भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला आणि १८ फेब्रुवारीला जाहीर झालं, की हा बर्ड फ्लू आहे. देशातला पहिलाच.

मग रोग पसरू नये म्हणून तीन किलोमीटरच्या टापूतल्या सगळ्या कोंबड्या मारल्या; धडधाकट कोंबडीसुद्धा वाचली नाही. पोल्ट्रीतल्या लाखो गेल्या, त्यांच्याबरोबर झोपडीच्या दाराशी दाणे टिपणाऱ्या पाच-दहा गावठी कोंबड्याही गेल्या. अंडी, खाद्य, सगळं खड्ड्यात पुरलं.

अंड्याच्या धंद्यात हा घाव फार खोल जातो. पिल्लू आणल्यापासून अठरा-वीस आठवडे नुसतं खाऊ घालायचं. मग तलंग अंड्यावर येते आणि साधारण बहात्तराव्या आठवड्यापर्यंत घातलेले पैसे फेडते. ऐन भरातला लॉट गेला, की कर्ज तेवढं उरतं. शेड पुढे कित्येक महिने रिकामी राहते. नवापूरनं हे २०२१ मध्ये पुन्हा सोसलं.

पोल्ट्रीत रोज सकाळी मेलेल्या कोंबड्या मोजून वहीत लिहितात. माझ्या मते सगळं या वहीवर अवलंबून आहे. मरतूक एकाएकी वाढली, तुरे निळे-जांभळे पडले, डोकं सुजलं, पायांवर रक्ताळलेले डाग दिसले, अंडी घटली किंवा मऊ कवचाची येऊ लागली, तर लगेच कळवावं, उद्याची वाट पाहू नये. भाव पडेल, नाव जाईल, ही भीती मला कळते. म्हणूनच मारलेल्या कोंबड्यांची भरपाई लवकर आणि पुरती मिळालीच पाहिजे. कळवणाराच बुडणार असेल, तर तो कळवील कसा? पण घाईनं विकलेल्या लॉटबरोबर विषाणूही गाडीत चढतो. अंड्यांचे ट्रे, गाडीची चाकं, मजुरांच्या चपला यांवरून तो शेजारच्या शेडमध्ये पोचतो.

खाणाऱ्यांनी धास्ती घेऊ नये. सत्तर अंश उष्णतेला हा विषाणू मरतो. अंडं घट्ट उकडा, मटणासारखीच कोंबडीही नीट शिजवा.

आणि पोल्ट्रीवाल्या भावांनो, मरतूक वाढलेली दिसली की आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करा. डॉक्टर येईपर्यंत फाटक बंद ठेवा, एकही ट्रे बाहेर जाऊ देऊ नका, आणि मेलेल्या कोंबड्यांना उघड्या हातानं शिवू नका.