शंकांची वही

(तालुका आरोग्य मेळाव्यात शिक्षक व ग्रामस्थ यांच्यापुढे एका माध्यमिक विद्यालयाच्या मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



वजन कमी करण्यासाठी शस्त्रक्रिया करून घ्यावी की नाही, या विषयावर बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. मी वैद्य नाही. माझा अधिकार एवढाच की, या प्रश्नाने मला वर्षभर झोप लागू दिली नाही, एकदा मी रुग्णालयाच्या पायरीवरून परत फिरलो आणि सहा महिन्यांनी तीच पायरी पुन्हा चढलो.

२०१८ साली माझे वय ४६ होते, वजन १२८ किलो आणि उंची १६५ सेंटिमीटर. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो आकडा येतो, त्यास देहभारांक म्हणतात. तो २३ च्या पुढे गेला की आपल्या लोकांनी सावध व्हावे, असे सांगतात. माझा ४७ भरला. त्यात नऊ वर्षांचा मधुमेह, दिवसातून दोनदा इन्सुलिन आणि झोपेत श्वास अडकण्याचा विकार. परीक्षेत पर्यवेक्षणास बसलो असता मला डुलकी लागली व पुरवणी मागणाऱ्या मुलाला तीनदा हाक मारावी लागली. तिसऱ्या हाकेला मी जागा झालो तेव्हा सारा वर्ग माझ्याकडे पाहत होता.

तोवर मी स्वस्थ बसलो होतो असे नव्हे. भात सोडला, पेजेवर राहिलो, पहाटे उठून चाललो. एका वर्षी १४ किलो उतरले, पुढील दोन वर्षांत १७ चढले. मास्तरांचा जिभेवर ताबा नाही, असे लोक म्हणत आणि खरे सांगायचे तर मीही तेच म्हणत असे. पुढे समजले की, वजन उतरू लागताच शरीर त्यास उपासमार समजते. भूक चेतवणारे स्राव वाढतात आणि शरीर आपला खर्च आखडता घेते. यात मनोनिग्रहाला काही स्थान नाही असे मी म्हणणार नाही. पण एकट्या मनोनिग्रहावर सगळा भार टाकणे हा अन्याय आहे.

शस्त्रक्रियेचे मुख्य प्रकार दोन. एकात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून काढतात व उरलेले जठर नळीसारखे होते. दुसऱ्यात जठराच्या वरच्या टोकाला लहानशी पिशवी करून ती लहान आतड्याला खालच्या बाजूस जोडतात. त्यास बायपास म्हणतात. दोन्ही बहुधा दुर्बिणीतून होतात. त्यांनी जेवण तर कमी होतेच, शिवाय भुकेचे व साखरेचे नियमन करणारे स्रावही बदलतात. नळीच्या प्रकाराने छातीतील जळजळ वाढू शकते. मला ती पूर्वीपासून होती, म्हणून माझ्यासाठी बायपास ठरला.

मे महिन्यात दिवस ठरला. आदल्या संध्याकाळी दाखल व्हायचे होते. निघताना आई म्हणाली, "चालत्या-बोलत्या अंगाला सुरी कशाला लावून घेतोस, पुता?" रुग्णालयाच्या दाराशी पोहोचेपर्यंत ते वाक्य माझ्या कानात होते. मी शल्यचिकित्सक बाईंना गाठले आणि म्हणालो, मला हे जमणार नाही. त्या रागावतील असे वाटले होते. त्या म्हणाल्या, "सर, मनात शंका ठेवून आलेल्या माणसाच्या पोटाला मी हात लावत नाही. घरी जा आणि सगळ्या शंका लिहून आणा."

मी शाळेतली एक दोनशेपानी वही घेतली. पहिल्या रात्री एकच शंका लिहिली : मी मेलो तर? महिन्याभरात ३१ झाल्या. मग प्रत्येकीपुढे लिहू लागलो की, हिचे उत्तर डॉक्टर देऊ शकतील की ते मलाच शोधावे लागेल.

डॉक्टरांकडील उत्तरे आकड्यांची होती. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या २०१० जणांपैकी ५ जण पहिल्या ९० दिवसांत दगावले. मात्र पुढील वर्षांत मृत्यूचे प्रमाण शस्त्रक्रिया न केलेल्या तशाच स्थूल लोकांपेक्षा कमी राहिले, असे २००७ साली प्रसिद्ध झाले. जोडातून गळती, रक्ताच्या गुठळ्या, पित्ताचे खडे, हे धोकेही बाईंनी लपवले नाहीत. मधुमेह जाईल का, या प्रश्नावर त्यांनी अमेरिकेतील एका अभ्यासाचा २०१७ सालचा निष्कर्ष सांगितला. पाच वर्षांनंतर रक्तातील साखर जवळजवळ निरोगी पातळीवर राहिलेले रुग्ण बायपासवाल्यांत शेकडा २९, केवळ औषधे घेणाऱ्यांत शेकडा ५. मी गणिताचा शिक्षक. मला २९ दिसण्याआधी उरलेले ७१ दिसले. बाई म्हणाल्या, "तेही पाहिलेच पाहिजेत."

दुसऱ्या रकान्यातील शंका अवघड होत्या. ही पळवाट तर नव्हे? चतुर्थीच्या पंगतीत मी काय करणार? घरी आलेल्याने दोन घास खाल्ले नाहीत तर यजमानास अपमान वाटतो, अशा समाजात आपण राहतो. आणि सर्वांत शेवटी लिहिलेली शंका ही की, रात्री घर झोपल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन जे खातो, त्याचे काय?

शस्त्रक्रियेपूर्वी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे लागते. मला तो अपमान वाटला होता. मी काय वेडा आहे? परंतु ती रात्रीची गोष्ट मी आयुष्यात प्रथम त्याच खोलीत उच्चारली. वडील गेल्यानंतर ती सवय जडली होती. डॉक्टर म्हणाले, जठर लहान होईल, दुःख तेवढेच राहील. त्याची व्यवस्था आधी करू. चार महिने त्यांच्याकडे गेलो. घरीही सांगितले. सौभाग्यवतींना ते सहा वर्षांपासून ठाऊक होते!

शस्त्रक्रिया नोव्हेंबरात झाली. पैसे भविष्य निर्वाह निधीतून काढले. पुढे विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत या शस्त्रक्रियेच्या अटी स्पष्ट करण्यात आल्या : वय १८ पूर्ण, वैद्यकीय सल्ला आणि देहभारांक ४०, किंवा अन्य उपाय थकल्यावर अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार अथवा झोपेतील श्वासरोध यांसह ३५. आपल्या पॉलिसीतील प्रतीक्षाकाल मात्र स्वतः वाचून घ्यावा.

पहिले दोन आठवडे पातळ पदार्थ. पाचव्या आठवड्यात घाईने चपातीचा तुकडा गिळला आणि तासभर ओकत बसलो. त्या दिवशी पोदेराच्या सायकलचा भोंपू ऐकून, उंड्याच्या आठवणीने, मला रडू कोसळले. आपण मोठी चूक केली असे त्या दिवसांत रोज वाटे. असे अनेकांना वाटते, हे मला कोणी आधी सांगितले असते तर बरे झाले असते, म्हणून मी येथे सांगत आहे. तिसऱ्या महिन्यात केस गळू लागले. ते पुन्हा आले. जेवताना पाणी नाही, घास चावून चावून, प्रथिने आधी. लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व व बी-१२ आयुष्यभर. बायपासनंतर मद्य लवकर चढते आणि व्यसनाचा धोका वाढतो. स्त्रियांनी पहिले वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावयाची असते.

दीड वर्षात ३८ किलो उतरले, चौथ्या वर्षी ५ परत आले. इन्सुलिन सुटले, एक गोळी राहिली. पर्यवेक्षणास मी जागा असतो. त्याच स्वीडिश अभ्यासाचा २०२० सालचा निष्कर्ष नंतर वाचनात आला : शस्त्रक्रिया झालेल्यांना न झालेल्यांपेक्षा सुमारे तीन वर्षे अधिक आयुष्य लाभले, तरी सर्वसाधारण लोकांपेक्षा ते साडेपाच वर्षे कमीच होते. म्हणजे मी बरा झालो नाही, सुधारलो.

माझ्या एका सहकारी शिक्षिकेने मागील वर्षी अशीच वही लिहिली आणि शस्त्रक्रिया न करण्याचे ठरवले. तिचा देहभारांक ३६ होता. २०२५ पासून भारतात आठवड्यातून एकदा घ्यावयाची नवी इंजेक्शने आली आहेत. डॉक्टरांच्या सल्ल्याने ती ती घेते. ती बंद केल्यास उतरलेले वजन बरेचसे परत येते, हे तिला ठाऊक आहे. तिचा निर्णय माझ्या निर्णयाइतकाच पक्का आहे, असे मी मानतो. उलट, लग्न ठरावे म्हणून घरच्यांनी मुलीला शस्त्रक्रियेसाठी घेऊन यावे, असेही माझ्या पाहण्यात आले. आईबाप बोलत होते, मुलगी खाली पाहत होती. बाईंनी तिला एकटीला आत बोलावले.

माझ्या आईने अखेरपर्यंत शस्त्रक्रियेला होकार दिला नाही. परंतु तिने एक लहान वाटी माझ्यासाठी वेगळी काढली होती, आणि पंगतीत वाढणारा माझ्या पानाशी आला की ती दुरूनच त्याला पुढे जाण्याची खूण करी.

कोणास ती वही पाहावयाची असल्यास शाळा सुटल्यावर कार्यालयात यावे. दोन पाने मात्र मी दाखवणार नाही.