वारसा जपणारे रहिवासी



मुंबईच्या ओव्हल मैदानात उभे राहिले म्हणजे दोन शतके समोरासमोर दिसतात. पूर्वेस उच्च न्यायालय आणि विद्यापीठ यांची एकोणिसाव्या शतकातील गॉथिक शैलीची दगडी रांग आहे. पश्चिमेस, समुद्र हटवून मिळविलेल्या जमिनीवर, १९३० च्या दशकापासून उभ्या राहिलेल्या आर्ट डेको शैलीच्या इमारती आहेत. गोलाकार सज्जे, खिडक्यांवरील सलग छज्जे आणि दर्शनी भिंतीवर कोरलेली इमारतीची नावे ही त्यांची ओळख होय.

या पूर्वेकडील रांगेतील राजाबाई मनोऱ्याशी जैन समाजाचा जिव्हाळ्याचा संबंध आहे. १८७८ साली पूर्ण झालेल्या या मनोऱ्यासाठी दानशूर जैन व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी भरघोस देणगी दिली आणि त्यास आपल्या मातोश्रींचे नाव दिले. मातोश्रींना दृष्टी नव्हती. सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा नियम त्यांना घड्याळाचे टोले ऐकून पाळता यावा, अशी त्यामागची भावना होती, असे परंपरेने सांगितले जाते.

दगडी इमारती शासनाच्या व संस्थांच्या. त्यांचे मोल पटवून देणे त्या मानाने सोपे होते. पश्चिमेकडील इमारती मात्र लोकांची राहती घरे. जेमतेम साठ-सत्तर वर्षांच्या इमारतींना वारसा कोण म्हणणार? हा प्रश्न परिसरातील रहिवाशांनीच हाती घेतला. १९९० च्या दशकात ओव्हल मैदानाची दुरवस्था झाली, तेव्हा ओव्हल-कूपरेज परिसरातील रहिवासी न्यायालयात गेले आणि पुढे मैदानाच्या देखभालीची जबाबदारीही त्यांनी पत्करली. १९९५ साली मुंबईत वारसा नियमावली लागू झाली. एकट्या वास्तूबरोबरच संपूर्ण परिसरालाही संरक्षण देण्याची वाट तिने मोकळी केली. पुढे रहिवासी संघटना, वास्तुविशारद आणि नागरी संस्था एकत्र आल्या. २०१२ साली हा परिसर युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेला आणि ३० जून २०१८ रोजी बहारीनमधील मनामा येथे ९४ इमारतींच्या या समूहास जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

हा गौरव खरा. परंतु त्याचे मोलही मोजावे लागते. वारसा परिसरात राहणाऱ्याला सज्जा बंद करणे, मजला चढविणे किंवा दर्शनी भाग बदलणे परवानगीवाचून शक्य नसते. जुन्या भाड्यात घरमालकाला दुरुस्तीचा खर्च झेपत नाही, आणि भाडेकरूला नव्या, मोठ्या घराची आशा सोडवत नाही. म्हणूनच २०१२ साली शिवाजी पार्क परिसराचा वारसा यादीत समावेश करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा तेथील अनेक रहिवाशांनी विरोध केला. पुनर्विकास अडेल ही त्यांची धास्ती निराधार म्हणता येणार नाही. गळक्या छताखाली राहणाऱ्याला वारशाचा उपदेश करणे सोपे, त्याचे छत दुरुस्त करणे अवघड.

दुसरीकडे गिरगावातील खोताची वाडी पाहावी. तिच्या लाकडी जिन्यांचे आणि व्हरांड्यांचे कौतुक सर्वांनी केले; तरीही मूळच्या सुमारे ६५ घरांपैकी निम्मीसुद्धा उरली नाहीत. केवळ कौतुकाने घरे वाचत नाहीत. मालकाला दुरुस्तीचे बळ आणि शेजाऱ्यांचा पाठिंबा मिळाला, तरच ती टिकतात.

जी वस्ती आपल्या परिसरासाठी संरक्षण मागते, तिने म्हणूनच प्रथम स्वतःची तयारी करावी. प्रत्येक वास्तूची छायाचित्रे, नकाशे आणि कागदपत्रे संकलित करावीत. दुरुस्तीचा निधी आधी उभारावा. ज्याचे नुकसान होण्याचा संभव आहे, त्याचे म्हणणे सर्वांत आधी ऐकावे. बहुमताच्या जोरावर लादलेला वारसा पहिल्याच पावसाळ्यात ओझे वाटू लागतो. संमतीने स्वीकारलेले बंधन मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

स्वेच्छेने मर्यादा स्वीकारणे ही गोष्ट जैन समाजाला नवीन नाही. मंदिरे, धर्मशाळा, पाठशाळा आणि त्यांच्याभोवतीच्या जुन्या गल्ल्या पूर्वजांनी विश्वासाने सोपविल्या आहेत. राजाबाई मनोऱ्याचे टोले आजही एका मातेचे स्मरण देतात. पुढील पिढीला ऐकू येईल असे काही मागे ठेवणे, हे आजच्या पिढीचे कर्तव्य आहे.

जय जिनेंद्र.