यानाबाहेरचीं बारा मिनिटें

युरी गागारिन १२ एप्रिल १९६१ रोजीं पृथ्वीभोंवतीं फेरी मारून आला, तो यानाच्या भिंतींआड बसून. त्या भिंतीबाहेर पाऊल टाकण्याचा पहिला मान अलेक्सेइ लिओनोव या दुसऱ्या सोव्हिएट वैमानिकाला मिळाला. तो मान त्याच्या प्राणांवर बेतला होता, हें मात्र जगाला त्या वेळीं कळलें नाहीं.

१८ मार्च १९६५ रोजीं बायकोनूर येथून 'वोस्खोद-२' हें यान उडालें. पावेल बेल्यायेव हा त्याचा नायक व लिओनोव त्याचा सोबती. यानांतील विद्युत्-उपकरणें आंतल्या हवेनेंच थंड राखलीं जात. तेव्हां ती हवा सोडून देऊन सरळ दार उघडणें शक्य नव्हतें. म्हणून यानाच्या अंगाला हवा भरून फुगवितां येणारी एक नळीवजा खोली जोडली होती. श्रोत्यांनीं जुन्या वाड्याची देवडी डोळ्यांपुढें आणावी. आंतलें दार लावून घ्यावयाचें, देवडींतील हवा सोडावयाची, आणि मग बाहेरचें दार उघडावयाचें.

सुमारें पांच मीटर लांबीच्या दोराला बांधलेला लिओनोव बाहेर तरंगूं लागला. तरंगूं लागला म्हणावयाचें, पण यान आणि तो, दोघेहि सेकंदाला साडेसात किलोमीटरांहून अधिक वेगानें धांवत होते. खालीं काळा समुद्र नकाशासारखा पसरला होता. हें दृश्य दूरचित्रवाणीवर पाहणारे त्याचे वडील मात्र संतापले, असें त्यानेंच पुढें लिहिलें आहे. बाकीचे यानांत बसून कामें उरकतात, मग यालाच बाहेर हुंदडण्याचें कारण काय, हा त्यांचा सवाल!

संकट आलें तें परततांना. भोंवतीं हवेचा दाब नसल्यामुळें पोशाख फुगून ताठ झाला. बोटें हातमोज्यांतून व पाय बुटांतून निसटले. दोर गुंडाळवेना, दारांत शिरवेना. पोशाखांतील दाब कमी करावा, तर रक्तांत नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचें भय. न करावा, तर प्राणवायु संपेपर्यंत दाराशीं झुंजत राहावयाचें. जमिनीवरील अधिकाऱ्यांना न विचारतां त्यानें झडप उघडली, आणि दाब सुमारें ०.४ वातावरणावरून ०.२५ च्या आसपास उतरविला. बाहेर पडण्याच्या धाडसाहून हा निर्णय खचित मोठा होता. पाय आधीं घालण्याचा नियम मोडून तो डोक्याकडून शिरला, व जेमतेम मीटरभर रुंदीच्या त्या देवडींत अंग मुडपून उलटा वळला, असें त्यानें सांगितलें आहे. बाहेर तो एकूण बारा मिनिटें होता. घामानें निथळलेला हा मनुष्य आंत येऊन बसला, आणि मग त्यानें रंगीत पेन्सिलींनीं सूर्योदयाचें एक चित्र काढलें! चित्रकला हा त्याचा जुना नाद होता.

दैवाचे फेरे एवढ्यानें संपले नाहींत. दुसऱ्या दिवशीं उतरण्याची स्वयंचलित यंत्रणा बिघडली. बेल्यायेवनें यान हातानें वळवून रॉकेट पेटविलें, आणि तें नियोजित जागेपासून शेंकडों किलोमीटर दूर, पेर्म प्रांतांतील बर्फाच्छादित अरण्यांत उतरलें. झाडी इतकी दाट, कीं हेलिकॉप्टरला जमिनीवर टेकावयास जागा नाहीं. दोघांनीं कडाक्याच्या थंडींत तेथें दोन रात्री काढल्या. मदतीस आलेल्या माणसांनीं कांहीं अंतरावर झाडें तोडून जागा मोकळी केली, आणि २१ मार्च रोजीं दोघे वीर बर्फावरून लांकडी पट्ट्यांवर घसरत हेलिकॉप्टरापाशीं पोहोंचले.