आगगाडीने आलेला सायकलस्वार



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून अशा व्यासपीठावर राजकारण, इतिहास, समाजसुधारणा यांची चर्चा करण्याचा प्रघात आहे. आम्ही मात्र आज सायकलीसारखा साधा विषय घेऊन आलो आहो. विषय साधा असला तरी त्याच्या मुळाशी एक जुना प्रश्न आहे. परक्या माणसाला गावाने कसे वागवावे, आणि त्या माणसाने गावात कसे वागावे?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. सुटीच्या दिवशी पहाटेच्या गाडीने मुंबईची काही तरुण मंडळी वसई रोड किंवा विरार स्थानकावर उतरतात. लगेजच्या डब्यातून सायकली खाली घेतात, हवा तपासतात आणि वाटेला लागतात. कोणी पापडीवरून वसईच्या किल्ल्याकडे जातो, कोणी भुईगाव, निर्मळ, आगाशी करीत अर्नाळ्याचा किनारा गाठतो. कोणी पूर्वेला तुंगारेश्वराच्या पायथ्याशी किंवा थेट वज्रेश्वरीला जातो. २०१३ साली उपनगरी गाडी डहाणूपर्यंत धावू लागली, तेव्हापासून सफाळे आणि केळवेही त्यांच्या आवाक्यात आले. २०२४ साली भाईंदरच्या खाडीतून रो-रो बोट सुरू झाली, तोही एक मार्ग झाला. महामार्गावरच्या ट्रकांच्या गर्दीत जीव मुठीत धरून येण्यापेक्षा गाडीने येणे शहाणपणाचे, हे त्यांनी ओळखले आहे.

गाडीतून सायकल येणे आपल्याला नवीन नाही. १८६७ च्या एप्रिलमध्ये विरारहून बॅकबेला पहिली गाडी गेली. त्यानंतर या लोहमार्गाने वसईची केळी, फुले, भाजी, पानवेलीची पाने आणि दूध मुंबईला पुरवले. लगेजच्या डब्यावर पहिला हक्क दूधवाल्यांचा आणि टोपलीवाल्यांचा. आज त्यांच्या कॅनशेजारी शहरातली सायकल उभी राहते, एवढाच फरक. पूर्वी आपला माल मुंबईला जात होता. आता मुंबईचा माणूस त्या मालाच्या मुळापर्यंत येतो आहे.

आता गावाने या पाहुण्याला काय द्यावे? आमचे उत्तर असे, की फार काही नको. तहानेल्याला गूळ-पाणी देणे ही आपली रीत आहे. चैत्र लागला की रस्त्यावर पाणपोई घालणारा हा समाज आहे. पंढरीच्या वाटेवर कितीतरी गावे वर्षानुवर्षे दिंड्यांना भाकरी-पिठले वाढतात आणि निजायला ओसरी देतात. त्या मानाने सायकलस्वाराची गरज ती काय? थंड पाणी, सावली, स्वच्छ शौचकूप, हवा भरायला पंप, पंक्चर काढणारा कारागीर आणि पोटाला दोन घास. अर्नाळ्याच्या बेटावरचा किल्ला पाहायला जायचे तर होडीत बसावे लागते. तेवढा वेळ किनाऱ्यावर सायकलीकडे लक्ष ठेवणारा कोणी भेटला, तर त्याचे उपकार तो जन्मभर विसरणार नाही.

मुंबईहून १९२३ साली निघालेल्या पारशी तरुणांची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सायकलीने पृथ्वीप्रदक्षिणा करून १९२८ साली परतले. सुमारे एकाहत्तर हजार किलोमीटरांचा तो प्रवास. इतक्या लांबच्या वाटेवर भाषा न समजणाऱ्या माणसांच्या दारी पाणी मागावे लागते. ते मिळाले नसते तर तिघांचे नुसते शौर्य कुठवर पुरले असते?

इतर देशांनी या पाहुणचाराला शिस्त लावली. इंग्लंडात १८७८ साली सायकलप्रवाशांची संस्था निघाली. तिने पसंत केलेल्या खानावळींवर पंखांच्या चाकाची पाटी लागे. ती दिसली की प्रवासी निःशंकपणे आत शिरे. जपानात सायकल पिशवीत घालून आगगाडीत नेण्याची रीत आहे. तेथील शिमानामी मार्गावर गावोगावचे दुकानदार पंप, पाणी आणि विसाव्याची जागा ठेवतात. त्यात पैशाचा मोठा भाग नाही. ‘येथे तुमचे स्वागत आहे’ एवढे सांगणारी पाटी आहे. आपल्या पाणपोईला एक पंप जोडला, तर यापेक्षा वेगळे काय झाले?

येथे आमचे शेतकरी बंधू एक आक्षेप घेतील, आणि तो रास्त आहे. ते म्हणतील, ‘पाहुणे आम्ही पुष्कळ पाहिले. सुटीला मोटारी भरून येतात, समुद्रावर बाटल्या फोडतात, कर्कश गाणी लावतात आणि कचरा टाकून जातात. आणखी पाहुणे कशाला?’ या तक्रारीमागे मोठी वेदना आहे. वाड्या तोडून इमारती उठल्या, विहिरींचे पाणी टँकरने विकले गेले. त्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्यांनी ‘हरित वसई’ची चळवळ उभी केली. २००९ साली महानगरपालिका झाली, तेव्हाही ‘आमची गावे गावेच राहू द्या’ असा आग्रह कित्येकांनी धरला. ज्या गावाने शहराचा एवढा धसका घेतला, त्याने शहरातून आलेल्याकडे संशयाने पाहिले तर नवल नाही.

परंतु पाहुण्यापाहुण्यांत भेद केला पाहिजे. मोटार गावातून जाते. सायकल गावात येते. मोटारवाल्याला रुंद रस्ता लागतो, आणि रस्ता रुंद करायचा म्हणजे कोणाची तरी वाडी कापायची. सायकलस्वाराला दोन कुंपणांमधली अरुंद, सावलीची वाटच हवी असते. ती वाट नष्ट झाली तर तो येणारच नाही. म्हणजे गावाचे जे हित, तेच त्याचेही हित आहे.

यातून गाव श्रीमंत होईल, असे मात्र आम्ही सांगत नाही. पोह्यांच्या बशीने आणि ताडगोळ्यांच्या विक्रीने जमिनीच्या भावाशी झुंजता येत नाही. पण राजेळी केळ्याची उन्हात वाळवलेली सुकेळी घ्या. सायकलस्वाराच्या खिशात घालायला याहून चांगला खाऊ कोणता? ती खटपट करून करणारी घरे आता थोडी राहिली आहेत. वाडीच्या दारातच गिऱ्हाईक आले आणि योग्य दाम देऊन गेले, तर एखादे घर ती कला टिकवील. शिवाय, वाडीत बसून विहिरीचे पाणी प्यालेला माणूस त्या विहिरीचा साक्षीदार होतो. उद्या ती बुजवायला निघाले, तर गावाबाहेरही चार माणसे हळहळतील आणि बोलतील. हा लाभ पैशांत मोजता येत नाही, पण लहान नाही.

पाहुण्याचीही काही कर्तव्ये आहेत. कोणाच्या वाडीत विचारल्याशिवाय शिरू नये. देवळापुढे, चर्चपुढे, स्मशानापुढे आरोळ्या ठोकू नयेत. फोटो काढण्यापूर्वी परवानगी घ्यावी. अरुंद गल्लीत चौघांनी शेजारी शेजारी चालवू नये. आपला कचरा आपल्या पिशवीत परत न्यावा. आणि फुकट पाणी मिळाले तरी शहाळ्याची घासाघीस करू नये.

आपण नगरवासी या दोघांच्या मधले आहोत. स्थानक आपल्या दारात, गाव आपल्या पाठीशी. म्हणून स्थानकाबाहेर सायकल जोडायला मोकळी जागा, गावांची अंतरे दाखवणारा फलक आणि वाटेवर चार-सहा पाणपोया, एवढे तरी आपण करावे. त्यासाठी सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही. एका आळीने एक माठ भरला, एका दुकानदाराने एक पंप ठेवला, तरी आरंभ होतो. उन्हाळा सुरू आहे. माठ भरायला याहून योग्य ऋतू कोणता?