एकविसावे घर



19 जुलै 2024 रोजी आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले, हे आपणांस आठवत असेल. जगभर सुमारे 85 लाख संगणक बंद पडले होते. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या प्रोग्रामला मूल्ये पुरविली होती 20, आणि तो एकविसावे वाचावयास गेला!

करवीरातील जी मुले आज ॲप लिहावयास बसतात, तीही येथेच ठेचकाळतात. ॲरे म्हणजे स्मृतीतील सलग घरांची गल्ली. घरे पाच, पण मोजणी शून्यापासून, म्हणून शेवटचे घर 4 क्रमांकाचे. मुलगा 5 क्रमांकाचे दार ठोठावतो. जावा तेथल्या तेथे ओरडते: क्रमांक 5, लांबी 5. मुलगा खट्टू होतो. माझ्या मते त्याने तिचे आभार मानावेत. दाखविलेली ओळ उघडावी, फेऱ्यांची अट पाहावी. ‘पेक्षा लहान’ हवे तेथे बहुधा ‘लहान किंवा समान’ झालेले असते.

सी भाषा मात्र पुष्कळदा मुकाट्याने शेजाऱ्याच्या घरात लिहून येते, आणि पडझड दिसते भलतीकडेच. अशा वेळी पडल्या जागी शोधण्यात अर्थ नाही. ॲड्रेस सॅनिटायझर जोडून प्रोग्राम पुन्हा चालवावा; घुसखोरी होते त्याच ओळीवर तो हटकतो.