खडीचा रस्ता आणि सायकलचें चाक

रत्नागिरी शहरांतून बाहेर निघालें कीं थोड्याच वेळांत सायकलस्वारास चढ लागतो, आणि चढ संपला कीं सडा लागतो. खालीं खाडी, नारळी-पोफळी आणि भातशेती. वर जांभ्या दगडाचें उघडें कातळ. या सड्यांवरच्या पुष्कळशा वाटांवर अद्याप डांबर पडलेलें नाहीं. चिऱ्यांच्या खाणीकडे जाणारी गाडीवाट, आंब्याच्या बागेंत शिरणारा तांबड्या मातीचा रस्ता, एका वाडीस दुसऱ्या वाडीशीं जोडणारा खडीचा तुकडा, असें त्यांचें स्वरूप आहे. वर्षास तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस झेलल्यावर या वाटांची जी दशा होते, ती जिल्ह्यांतील लोकांस सांगावयास नको. जिल्ह्यांतील उक्षी, कशेळी, देवाचें गोठणें या गांवांच्या सड्यांवर कातळांत कोरलेलीं प्राचीन चित्रें आहेत. २०२२ सालीं कोंकणच्या या चित्रांचा समावेश युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादींत झाला. तीं पाहावयास सायकलनें जावें असें एखाद्या तरुणाच्या मनांत आलें, तर त्यांत नवल नाहीं.

अशा वाटांकरितां ग्रॅव्हल सायकल नांवाचा एक प्रकार आतां बाजारांत मिळतो. ग्रॅव्हल म्हणजे बारीक खडी. दिसावयास ही सायकल शर्यतीच्या सायकलसारखी, हँडल खालीं वळलेलें. परंतु टायर रुंद, चाळीस मिलिमीटरांच्या आसपास. अमेरिकेंतील कॅन्सस राज्यांत २००६ सालीं खडीच्या रस्त्यांवरची एक लांब पल्ल्याची शर्यत सुरू झाली, ती आज जगभर प्रसिद्ध आहे. आणि २०२२ सालीं या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा इटलींत भरली. तेव्हां हें केवळ चार दिवसांचें खूळ आहे असें म्हणून चालणार नाहीं.

सायकल घरांत आली कीं कांहीं दिवसांनीं दुसरी मागणी येते, आणि घरचीं वडील माणसें कोड्यांत पडतात. हात बधिर होतात, पाठ दुखते, म्हणून चाकें बदलून हवीं! कार्बनच्या रिमांचीं चाकें लवचीक असतात, तीं रस्त्याचे धक्के गिळून टाकतात, असें दुकानांत ऐकलेलें असतें. अशा चांगल्या जोडीची किंमत लाखाच्या घरांत जाते. तक्रार मात्र खोटी नसते. हँडलावर टेकलेल्या तळव्याचा दाब आणि खालून अखंड येणारी थरथर यांमुळें करंगळी व अनामिका यांकडे जाणारा मज्जातंतू चेपला जातो. प्रथम बोटांस मुंग्या येतात. दुर्लक्ष केल्यास पकड दुबळी होते. प्रश्न इतकाच कीं, यावरचा उपाय रिमेंत व तारांत आहे काय?

थोडें मागें पाहिलें तर उत्तर सांपडतें. बैलगाडीच्या चाकास लाकडी आरे, मध्यें तुंबा आणि भोंवतीं लोखंडी धांव. त्यांत दबण्यासारखें कांहींच नाहीं. गाडींत पेंढा घालावा, हाच काय तो उपाय. युरोपांतील आरंभींच्या सायकलींचीं चाकें याच जातीचीं असत, आणि इंग्लंडांतील लोकांनीं त्या वाहनास हाडें खिळखिळीं करणारें असें नांव दिलें होतें. पुढें लाकडी आऱ्यांच्या जागीं ताणलेल्या बारीक तारा आल्या. जेम्स स्टार्ली यानें १८७४ सालीं त्या तिरप्या गुंफण्याची युक्ति काढली. चाक हलकें झालें, मजबूतहि झालें, पण बसणाऱ्याचीं हाडें वाजावयाचीं तीं वाजतच राहिलीं. तीं थांबलीं १८८८ सालीं. बेलफास्ट येथील गुरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनीं आपल्या मुलाच्या तिचाकी सायकलीस हवेनें भरलेली रबरी नळी बसविली, आणि पुढच्याच वर्षीं विल्यम ह्यूम या सायकलपटूनें तसल्या टायरांवर बेलफास्टच्या शर्यती जिंकल्या. रॉबर्ट थॉमसन या गृहस्थानें हीच कल्पना १८४५ सालीं नोंदविली होती. परंतु तेव्हां सायकलच नव्हती, तेथें तिचा उपयोग कोणास कळणार?

तारांचें चाक किती लवतें, हें मोजतां येतें. माणसाचा भार पडला असतां रिम मिलिमीटरच्या अंशाइतकीच दबते. तळाकडील तारांचा ताण थोडा उतरतो, एवढेंच. त्याच भारानें रुंद टायर कित्येक मिलिमीटर दबतो. जांभ्याच्या ओट्यावर जाड गादी घालून कोणी निजला, आणि दुसऱ्या दिवशीं गादी तीच ठेवून खालीं लांकडी फळ्या घातल्या, तर निजणाऱ्यास काय फरक कळणार? रिम अॅल्युमिनियमची असो कीं कार्बनची असो, ती ओट्याच्या जागीं आहे. टायरांतील हवा ही गादी आहे. एकेरी भिंतीच्या, थोड्या पीळ खाणाऱ्या रिमा काढण्याचे प्रयत्न झाले आहेत. त्यांचा गुण नाहींच असें नाहीं, पण गादीपुढें तो थोडा. कार्बनचीं चाकें हलकीं असतात, हा त्यांचा खरा गुण. तो चढावर उपयोगी पडतो, तळहातांस नव्हे.

तारा सैल केल्या म्हणजे सायकल मऊ चालते, अशीहि एक समजूत आहे. ती निखालस चुकीची आहे. तार पूर्ण ढिली पडत नाहीं तोंपर्यंत चाकाचा ताठपणा ताणावर अवलंबून नसतो. सैल तारेस प्रत्येक फेऱ्यांत अधिक हिसका मात्र बसतो, आणि ती एखाद्या आडवाटेवर तुटते.

आतां हवेचा हिशेब. एका चाकावर १०० पौंड भार आहे आणि हवेचा दाब दर चौरस इंचास ५० पौंड आहे, असें धरलें, तर टायर सुमारें दोन चौरस इंच जमिनीस टेकतो. दाब २५ वर आणला कीं तो सुमारें चार चौरस इंच टेकतो. टायर खडा पोटांत घेऊं लागतो. खड्याबरोबर सारी सायकल उचलली जात नाहीं. कडक टायर अधिक वेगानें धांवतो ही समजूतहि गुळगुळीत रस्त्यापुरतीच खरी. खडबडीत रस्त्यावर माणसाचें शरीर वरखालीं हलविण्यांत जी शक्ति खर्च होते, ती पायांचीच असते.

गंमत अशी कीं, गांवोगांवच्या टपालवाल्याची व दूधवाल्याची जी काळी, उभ्या बैठकीची सायकल, तिच्या टायरावर २८ गुणिले १½ असे आंकडे असत. दीड इंच म्हणजे ३८ मिलिमीटर. जवळजवळ आजच्या ग्रॅव्हल टायराचीच रुंदी! पुढच्या चाकास ३२ तारा, मागच्यास ४०, आणि चामडी बैठकीखालीं जाड स्प्रिंगा. मधल्या काळांत शौकिनांनीं २३ मिलिमीटरांचे, शंभर पौंडांवर हवा भरलेले टायर पसंत केले, आणि आतां ते पुन्हां रुंद टायरांकडे वळले आहेत. त्या काळ्या सायकलीच्या व्हॉल्व्हवर दाब मोजण्याचें साधन नीट बसत नाहीं. म्हणून हवा अंगठ्यानें दाबून पाहण्याची संवय पडली. चाळीस पौंड व साठ पौंड यांतला भेद अंगठ्यास कळत नाहीं.

दाब वाटेल तितका उतरवितां येत नाहीं, हें खरें. फार उतरला तर ट्यूब दगड व रिम यांमध्यें चिमटून तिला दोन चिरा पडतात, आणि वळणावर सायकल डुलूं लागते. म्हणून ट्यूब काढून आंत पातळ चिकट द्रव घालण्याची पद्धत निघाली आहे. चिमटण्यास ट्यूबच नाहीं, आणि करवंदीच्या कांट्यानें पडलेलें भोंक तो द्रव आपोआप बुजवितो. लाखाचीं चाकें घेण्यापूर्वीं हजारांत मिळणारे रुंद व नरम कापडाचे टायर आणि दाबमापक असलेला पंप घेऊन पाहावें. रिम आंतून पुरेशी रुंद आणि तारा सारख्या ताणलेल्या असाव्या; चाकाकडून खडीवर याहून अधिक मागूं नये.

सत्तर किलो वजनाच्या माणसानें ४० मिलिमीटरांच्या टायरांत पुढें ३२ व मागें ३५ पौंडांपासून आरंभ करावा. मग सड्यावरच्या एकाच फर्लांगभर वाटेनें पुन्हां पुन्हां जावें, आणि दर खेपेस दोन पौंड कमी करावे. रिम दगडास लागल्याचा टणक आवाज आला कीं थांबून तीन पौंड वाढवावे, व तो आंकडा टिपून ठेवावा. उन्हाळ्यांत आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. पहाटे २५ अंशांवर ३५ पौंड भरलेली हवा कातळावरच्या उन्हांत ४५ अंशांपर्यंत तापली, तर दाब तीन पौंडांहून थोडा अधिक वाढतो. तेवढी हवा सड्यावर पोंचल्यावर सोडून द्यावी.