कामाची हमी, पुढे काय?

पहिल्या पगारातून व्यवसाय कर कापला गेला, तेव्हा मी कुरकुरलो होतो. तो कशासाठी, हे पुढे कळलं. १९७२च्या दुष्काळात लाखो हात खडी फोडत होते. वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना तेव्हा राज्यभर पोचली. १९७५मध्ये तिच्या खर्चासाठी नोकरदार-व्यावसायिकांवर हा कर बसला. १९७७च्या कायद्याने काम मागणं हा हक्क ठरला.

पण खडी फोडून त्या दिवसाची चूल पेटते, पुढचा रोजगार उभा राहत नाही. १९९०मध्ये योजनेला फळबाग लागवड जोडली. खड्डे खणण्याची मजुरी मिळाली, कोरडवाहू रानात आंबा, बोरही उभे राहिले. बागेत छाटणी, तोडणी दरवर्षी निघते. म्हणून कर भरणाऱ्यांनी विचारावं : काम संपल्यावर गावात काय उरलं?